गेटच्या आतली नोकरी: फौजेतून कारखान्यात आणि विमान उद्योगात येणाऱ्यांसाठी

साताऱ्यातलं अपशिंगे घ्या, नाहीतर शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी. या गावांतून पोरं भरतीला जातात आणि चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे पेन्शन घेऊन परत येतात. आलेल्या माणसाला आठवड्याभरात कुणीतरी पाहुणा सांगतोच, "अमक्या कंपनीत सिक्युरिटीला जागा आहे, बोलून ठेवू का?"

मी हवाई दलात २० वर्षं एअरफ्रेम फिटर होतो. आता पुण्याजवळ विमानाचे भाग बनवणाऱ्या एका पुरवठादाराकडे तपासणी विभागात आहे. आमच्या गेटवर दोन माजी सैनिक असतात. त्यातले एक ईएमईचे, म्हणजे लष्कराची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचे, मशिनिस्ट. आयुष्यभर लेथ चालवलेला माणूस आतल्या लेथचा आवाज बाहेर उभा राहून ऐकतो. सिक्युरिटीचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही, पण ते काम त्यांनी निवडलेलं नाही. आत जायची वाट त्यांना कुणी दाखवलीच नाही, म्हणून ते तिथं थांबले. ती वाट मला जशी कळली तशी लिहितो.

घरी येण्याआधीची दोन वर्षं

खरी तयारी डिस्चार्जच्या दिवशी नाही, त्याच्या दोन वर्षं आधी सुरू होते. पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे आपण ज्याला डीजीआर म्हणतो ते, नोकरीच्या शेवटच्या काळात कोर्स देतं. जवान आणि जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) त्याची फी भरावी लागत नाही, अधिकाऱ्यांना काही भाग भरावा लागतो. अर्ज युनिटमार्फतच जातो.

इथं नव्वद टक्के लोक एकच चूक करतात (हा माझा अंदाज, कुठली आकडेवारी नाही): घराजवळ कुठला कोर्स आहे ते बघतात. सहा महिने घरचं जेवण मिळतं हे मान्य, मीही तोच विचार केला होता. पण निवडताना कोर्सनंतर कुठल्या खुर्चीवर किंवा कुठल्या मशिनवर बसायचं आहे ते आधी ठरवा. गुणवत्ता तपासणी, औद्योगिक सुरक्षितता, स्टोअर्स आणि लॉजिस्टिक्स, सीएनसी (संगणकावर चालणारी मशिन) यातलं काही मिळत असेल आणि ते तुमच्या ट्रेडला जोडून येत असेल, तर दोनशे किलोमीटर लांब गेलं तरी चालेल.

त्याच काळात कागद गोळा करा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) तर मिळतीलच. त्याशिवाय केलेल्या प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र, ट्रेडचा वर्ग, आणि तुमच्या ट्रेडला आयटीआयची किंवा डिप्लोमाची कोणती समकक्षता आहे याचं पत्र मागून घ्या. युनिटमध्ये असताना क्लार्कसाहेबांना चहा पाजून जे काम एका दुपारी होतं, त्याच कामासाठी घरी आल्यावर रेकॉर्ड ऑफिसला महिनोन्‌महिने पत्रं लिहावी लागतात.

आणि नाव. आधारवर आडनाव शेवटी, डिस्चार्ज बुकात आडनाव आधी, दहावीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे आणि पॅनवर नुसतं आद्याक्षर. कंपनीची पार्श्वभूमी तपासणारी एजन्सी इथंच अडते. भविष्य निर्वाह निधीचं खातं उघडतानाही हेच दुखणं पुन्हा निघतं. सगळं एकसारखं करून घ्या. जन्मतारीखही तपासा.

घरी आल्यावर पहिल्या पंधरवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून माजी सैनिकाचं ओळखपत्र घ्या. नोकरीसाठीची नावनोंदणीही तिथं होते. याखेरीज लष्करासाठी आर्मी वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशन, नौदलासाठी इंडियन नेव्हल प्लेसमेंट एजन्सी आणि हवाई दलाचा प्लेसमेंट सेल आहे. तिन्हीकडून जागांची माहिती येते. त्यात सिक्युरिटीच्या जागा भरपूर असतात, त्यामुळे यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय लावा.

आपला ट्रेड कारखान्याच्या भाषेत सांगणं

माझा पहिला बायोडेटा तीन पानांचा होता. सगळ्या पोस्टिंग, मेडल, दोन प्रशस्तिपत्रकं. मुलाखत घेणाऱ्या मुलीनं तो चाळला आणि विचारलं, "सर, सार्जंट म्हणजे सुपरवायझर का ऑपरेटर?" वीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. उत्तर देताना मी पद सांगत राहिलो, काम सांगितलंच नाही. ती नोकरी गेली.

चूक तिची नव्हती. कारखान्यात माणूस तीन गोष्टींवर तोलतात: हाताला काय येतं, किती माणसं सांभाळली, आणि कशावर सही करायचा अधिकार होता. बायोडेटात याच तीन गोष्टी हव्यात. "हवालदार, अमुक ईएमई बटालियन, १७ वर्षं" असं लिहिलं तर पुण्याच्या एचआरला काहीच बोध होत नाही. त्याऐवजी असं लिहा: "१७ वर्षं अवजड वाहनांच्या इंजिन आणि गिअरबॉक्सची दुरुस्ती, शेवटची पाच वर्षं १२ मेकॅनिकच्या कामाचं नियोजन, सुट्या भागांचा साठा आणि त्याचा हिशोब." माणूस तोच आहे, पण आता तो वाचणाऱ्याला दिसतो.

कोण कुठं बसतो, याचा माझा हिशोब असा. ईएमईचे मशिनिस्ट आणि मेटलस्मिथ थेट मशिन शॉपमध्ये आणि फॅब्रिकेशनमध्ये. व्हेईकल मेकॅनिक असेंब्ली लाइनवर, रीवर्कमध्ये, मेंटेनन्समध्ये. नौदलाच्या इंजिन रूमच्या माणसांना आपली किंमत ठाऊकच नसते. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकून जहाजावर बॉयलर, कॉम्प्रेसर, जनरेटर, पंप सांभाळलेला माणूस कुठल्याही मोठ्या कारखान्याच्या युटिलिटी विभागाला हवा असतो, मग तो कारखाना औषधांचा असो की टायरचा. सिग्नल्सचे आणि हवाई दलाच्या इलेक्ट्रॉनिक्स ट्रेडचे लोक वायर हार्नेस, पॅनेल, टेस्टिंगमध्ये. ऑर्डनन्स कोअरचे स्टोअरकीपर गोदाम आणि मटेरियल प्लॅनिंगमध्ये. एसएपी हे कंपन्यांचं सॉफ्टवेअर शिकायला त्यांना थोडा वेळ लागतो, पण साठ्याचा हिशोब त्यांच्या रक्तात असतो. एअरफ्रेम, इंजिन आणि वेपन फिटर विमानाच्या सांगाड्याच्या जोडणीत, रिव्हेटिंगमध्ये, तपासणीत.

इन्फंट्रीच्या भावांना खोटी आशा दाखवत नाही. रायफल कंपनीतून थेट सीएनसीवर कुणी घेत नाही. पण डिस्पॅच, लॉजिस्टिक्स, कारखान्यातली सुरक्षितता आणि अग्निशमन, शिफ्टचं मनुष्यबळ सांभाळणं या दारांनी आत येता येतं. आत आल्यावर दोन वर्षांत उत्पादनाकडे सरकलेले लोक मी पाहिले आहेत. फौजेत केलेला ड्रायव्हिंग, डेमॉलिशन, वायरलेस, फर्स्ट एडचा कोर्स किरकोळ समजून गाळू नका.

आणखी एक. बायोडेटात युनिटचं ठिकाण, शस्त्रप्रणालीचे तपशील, तैनाती, उपकरणासोबतचे फोटो यातलं काहीही टाकायचं नाही. गोपनीयतेचा कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो.

जे येत नाही ते कबूल करणं

मुलाखतीत मला एक ड्रॉइंग समोर ठेवून विचारलं होतं, "वरचा व्ह्यू कुठं आहे?" मी खाली बोट ठेवलं. आपल्याकडे आयटीआयपासून फर्स्ट अँगल शिकवतात, त्यात वरून दिसणारा आकार समोरच्या आकाराच्या खाली काढतात. पण ते ड्रॉइंग अमेरिकन ग्राहकाचं होतं, थर्ड अँगलचं, त्यात तो वर असतो. मापंही इंचात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जेमतेम २५ मायक्रॉन. युरोपच्या ग्राहकाचं काम आलं की पुन्हा मिलिमीटर आणि फर्स्ट अँगल. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह पहिल्यांदा बघायचं, हा धडा मी त्या खुर्चीत शिकलो.

दुरुस्ती करणाऱ्या माणसाला भाग हाताळता येतो, पण ड्रॉइंगवरून भाग घडवणं हे वेगळं कौशल्य आहे. म्हणून पहिलं शिक्षण ड्रॉइंग वाचनाचं आणि जीडी अँड टीचं, म्हणजे आकार, समतलपणा, समकेंद्रीपणा यांना किती सूट आहे ते सांगणाऱ्या चिन्हांचं. मग एक्सेल. मग तुमच्या वाटेनुसार सीएनसी किंवा सीएमएम, म्हणजे भागाची मापं घेणारं मशिन. छत्रपती संभाजीनगरचं इंडो जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था असले कोर्स नीट शिकवते. तालुक्याच्या आयटीआयमध्येही लहान मुदतीचे वर्ग असतात, चौकशी करा. पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन कौशल्य प्रमाणपत्र देणारी योजनाही स्किल इंडियात आहे. ज्यांच्याकडे कागद कमी आणि हात चांगला, त्यांनी ती नक्की बघावी.

एनडीटीबद्दल, म्हणजे भाग न तोडता त्यातला दोष शोधणाऱ्या तपासण्यांबद्दल, सावध करतो, कारण पैसे तिथं फार जातात. पेनेट्रंट, मॅग्नेटिक पार्टिकल, अल्ट्रासोनिक, रेडिओग्राफी या तपासण्यांना विमान उद्योगात सतत मागणी आहे आणि ज्यांनी फौजेत ही कामं केली त्यांना खरंच फायदा होतो. पण खासगी क्लासनं दिलेलं लेव्हल दोनचं प्रमाणपत्र घेऊन तुम्ही विमानाच्या भागावर सही करू शकत नाही. या व्यवसायातल्या नियमांनुसार तुमचं शिक्षण, प्रत्यक्ष कामाचे तास आणि परीक्षा बघून प्रमाणित करतो तो तुमचा मालक. क्लासचा उपयोग आहे, पण तो दाराशी पोचण्यापुरता. तीन-चार पद्धतींचं पॅकेज आधीच विकत घेऊ नका. आणि डोळे तपासून घ्या. जवळचं बारीक अक्षर वाचता येणं आणि रंग ओळखता येणं या कामात ठरावीक काळानं तपासतात.

विमानांची देखभाल करायची असेल तर वाट वेगळी आहे. तिथं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा एएमई (विमान देखभाल अभियंता) परवाना लागतो, मॉड्यूलच्या परीक्षा द्याव्या लागतात. लष्करी विमानांवरचा अनुभव योग्य असेल तर धरला जातो, मात्र त्यावर नागरी विमानांवरचा अनुभवही घ्यावा लागतोच. वय पस्तिशीच्या आत असेल आणि अभ्यासाची तयारी असेल तर जा. माझ्या बरोबरच्या दोघांनी केलं. मी केलं नाही, कारण मुलांची शाळा त्याच वर्षी बदलली होती.

कुठं बघायचं

नाशिकजवळचं ओझर सगळ्यांना ठाऊक असतं. तिथं एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा कारखाना १९६४ पासून आहे, मिग आणि नंतर सुखोई तिथं बांधली गेली, आता तेजस मार्क १ ए ची जोडणी सुरू झाली आहे. शेजारीच हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो. नागपूरच्या मिहानमध्ये विमानांचे भाग बनवणारे कारखाने आहेत आणि पूर्वी एअर इंडियाकडे असलेल्या अभियांत्रिकी कंपनीचं देखभाल केंद्र आहे. वडोदऱ्याला टाटा आणि एअरबस मिळून सी २९५ ही वाहतूक विमानं जोडतात. ५६ पैकी ४० विमानं तिथून बाहेर पडायची आहेत. कोल्हापूर-बेळगाव रस्त्यावरच्या हत्तरगीला तर विमानांच्या भागांचं अख्खं औद्योगिक क्षेत्र आहे. गडहिंग्लज, कागल, निपाणीकडच्या माणसाला यासाठी घर सोडायचीही गरज नाही.

केंद्र सरकारच्या उपक्रमांत माजी सैनिकांना गट क मध्ये साडेचौदा टक्के आरक्षण आहे, आणि वयातून केलेली सेवा अधिक तीन वर्षं वजा होतात. एचएएलच्या जाहिरातींमध्ये ठरावीक मुदतीच्या जागाही असतात. मुदत किती, वाढते का, ते वाचूनच अर्ज करा. दहावी आणि १५ वर्षं सेवा असेल तर गट क च्या काही सरकारी जागांसाठी पदवीधर मानतात, पण हे खासगी कंपनीत चालत नाही. तिथं "मी पदवीधर आहे" असं सांगून फजिती करून घेऊ नका.

माझं मत विचाराल तर पहिली नोकरी मोठ्या नावात शोधू नका. भोसरी, सातपूर, अंबड, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या पन्नास-शंभर माणसांच्या शॉपमध्ये शोधा. मोठ्या कंपनीचं संकेतस्थळ तुमचा अर्ज गिळून टाकतं. लहान शॉपचा मालक स्वतः भेटतो, वर्कशॉपमध्ये नेतो, हातात मायक्रोमीटर देऊन म्हणतो, "हे माप घेऊन दाखवा." तिथं आपण जिंकतो. एएस ९१०० प्रमाणपत्र असलेलं शॉप मिळालं तर उत्तमच. विमान उद्योगाच्या गुणवत्तेचं हे मानक आहे, आणि त्यातली दोन वर्षं पुढच्या नोकरीत तोलून घेतली जातात. वाहनांच्या सुट्या भागांचं शॉप मिळालं तरी नाक मुरडू नका. शिस्त थोडी वेगळी, मापाचं शास्त्र तेच.

पगाराची बोलणी

"पेन्शन आहे ना तुम्हाला? मग एवढ्यात भागेल." हे वाक्य तुम्ही ऐकणार. रागावून उपयोग नाही. मी आता शांतपणे सांगतो, "पेन्शन मागच्या कामाची आहे. या कामाचा दर काय ते बोलूया." बहुतेक लोक हसतात आणि आकडा वर सरकतो.

सीटीसी (कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च) ऐकून खूश होऊ नका, हातात किती येतात ते विचारा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न: मी कुणाच्या रोलवर? कंपनीच्या की ठेकेदाराच्या? गणवेश कंपनीचा, कार्ड कंपनीचं आणि पगार भलत्याच एजन्सीकडून, असं सर्रास होतं. ठेकेदाराकडून सुरुवात करणं वाईट नाही, पण कायम कधी आणि कशावर करतात हे पहिल्याच दिवशी विचारा. शिफ्ट, रात्रपाळी, बस कुठून सुटते, ओव्हरटाइमचा दर, जेवण, हे सगळं विचारायला लाजू नका. फौजेत राशन-पाणी आपोआप मिळत होतं, त्यामुळे विचारायची सवयच राहिलेली नसते.

पहिले सहा महिने

तुमचा साहेब अठ्ठावीस वर्षांचा असेल. तो तुम्हाला "सर" म्हणेल किंवा नुसतं नाव घेईल, दोन्हींची तयारी ठेवा. तुमच्या हाताखालचा ऑपरेटर "का?" असं विचारेल, आणि त्याला उत्तर द्यावं लागेल. फौजेत हुकमावर काम चालतं. इथं कारण सांगितलं तर काम होतं, आवाज चढवला तर युनियनचा माणूस येतो.

काही गोष्टी मात्र घरच्यासारख्या वाटतील. आकार कापलेल्या फोमच्या ट्रेमधली हत्यारं, शिफ्ट संपताना मोजणी, एक पाना कमी पडला तर सगळं काम थांबणं. विमानात विसरलेला बोल्ट काय करतो हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. हवाई दलात विमानाच्या नोंदीच्या फॉर्म ७०० वर सही करताना हात जसा थबकायचा, तसाच इथं भागाबरोबर फिरणाऱ्या रूट कार्डवर थबकतो. तो थबकला पाहिजे.

सगळ्यात अवघड गेली ती एक सवय सोडणं. फील्डमध्ये जुगाड हा गुण असतो. सुटा भाग नाही, विमान सकाळी उडायचं आहे, मग सुचेल ते करून, साहेबांना सांगून मार्ग काढायचा, शाबासकी मिळवायची. कारखान्यात लागून तिसऱ्या महिन्यात एका ब्रॅकेटच्या कडेला मला बारीक बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची कोर, दिसली. मी एमरी पेपर घेतला आणि दोन हात मारून साफ केली. भाग सुंदर दिसायला लागला. तासाभरात तो नाकारलेल्या भागांच्या लाल पेटीत गेला आणि त्याच्याबरोबरची सगळी खेप अडकली. कारण त्या भागावर नंतर पृष्ठभागाची प्रक्रिया व्हायची होती, आणि कागदावर नसलेलं घर्षण त्यावर झालं होतं. मला ओरडले नाहीत. एक कोरा फॉर्म दिला आणि काय केलं ते लिहा म्हणाले. तो लिहायला मला दीड तास लागला. दोष दिसला तर भागाला हात लावायचा नाही, टॅग लावायचा, नोंद करायची, ठरवणारा दुसरा असतो. नव्यानं आलेल्या प्रत्येक फौजीला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, आणि तरी प्रत्येकाचा एकदा तरी एमरी पेपरकडे हात जातोच.

अग्निवीरांसाठी वेगळा शब्द. चार वर्षांनी साधारण ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी हातात येतो, पेन्शन येत नाही, आणि फौजेत कायम होण्याची संधी एक चतुर्थांश लोकांपर्यंतच आहे. तुमचं वय मात्र बाविस-पंचविसाच्या आसपास, आणि कारखान्याला नेमकं हेच वय हवं असतं. मिळालेलं कौशल्य प्रमाणपत्र जपा, आणि निधीतून आधी गाडी घेण्याऐवजी एखाद्या चांगल्या टूल रूमचं वर्षभराचं शिक्षण घ्या. गाडी दोन वर्षांनी येईल.

शेवटी कराचं, कारण हे कुणीच सांगत नाही. खासगी नोकरी लागली म्हणून पेन्शन कमी होत नाही, पण कर दोन्ही मिळून लागतो. कंपनी फक्त आपल्या पगारावर कर कापते, बँक फक्त पेन्शनवर, आणि दोघंही प्रमाणित वजावट आपापल्या परीनं देऊन मोकळे होतात. जुलैत विवरणपत्र भरताना दोन्ही बेरजा एकत्र येतात आणि फरक व्याजासकट भरावा लागतो. पहिल्या वर्षी माझी दिवाळीची बचत त्यात गेली. रुजू होताना एचआरला पेन्शनचा आकडा लेखी द्या आणि त्यावरचा करही पगारातूनच कापायला सांगा. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड कंपनीचा विमा मिळाला म्हणून कपाटात टाकू नका. विमा नोकरीबरोबर संपतो.

आमच्या गेटवरच्या त्या मशिनिस्ट दादांचा बायोडेटा गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी कॅन्टीनमध्ये बसून लिहिला. एका पानात बसला. पुढच्या सोमवारी त्यांना लेथवर ट्रायल द्यायची आहे, आणि ते सध्या थर्ड अँगलचा सराव करतायत.